दादाची वाफ

यंदा गणपतीला दादा इंग्लंडमधल्या लीड्सहून आला आणि पहिल्याच संध्याकाळी माझ्या लक्षात आलं की, त्याचा उजवा हात सारखा शर्टाच्या खिशाकडे जातोय. खिसा रिकामा होता. हात जायचा, खिसा चाचपायचा आणि परत मांडीवर येऊन पडायचा. सारणासाठी नारळ खवता खवता मी तीन-चार वेळा पाहिलं. मग न राहवून विचारलं, "दादा, काही हरवलंय का रे?"

"हरवलं नाही गं. तिकडे ठेवून आलोय. इथे आणता येत नाही ना."

ठेवून आला होता ती त्याची ई-सिगारेट. तिकडे तिला सगळे व्हेपच म्हणतात. सव्वीस वर्षं रोज एक पाकीट ओढणाऱ्या माझ्या भावाने त्या बोटभर यंत्राच्या आधाराने सिगारेट सोडली, त्याला आता अडीच वर्षं झाली. आपल्याकडे २०१९ पासून तिच्यावर बंदी आहे. बनवणं, आणणं, विकणं, साठवणं, जाहिरात करणं, सगळ्यावरच. साठवणं सोडून बाकी गोष्टींच्या पहिल्या गुन्ह्याला एक वर्षापर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. वहिनीने निघताना त्याच्या बॅगा स्वतः तपासल्या होत्या म्हणे.

म्हणजे तीन आठवडे तो तिच्याशिवाय राहणार होता. आणि साताऱ्यातल्या आमच्या घरापासून चाळीस पावलांवर टपरी आहे.

आमचे अण्णा एसटीत मेकॅनिक होते आणि विडी ओढायचे. बंडल आणायला दादाला पिटाळायचे. तेव्हा त्यात कुणाला काही वावगं वाटायचं नाही. किराणा आणावा तसं ते होतं. शेवटची पाच वर्षं अण्णा उताणे झोपू शकले नाहीत. पाठीशी तीन उश्या घेऊन बसूनच झोपायचे. घरात सगळे 'अण्णांचा दमा' म्हणायचे, डॉक्टर सीओपीडी म्हणायचे, म्हणजे श्वासाची वाट कायमची अरुंद करणारा फुप्फुसांचा आजार. ऑक्सिजनच्या मशीनची घरघर रात्रभर चालायची, आणि अण्णा गेल्यावर कितीतरी दिवस मला त्या घरघरीवाचून झोप येत नव्हती. वय ६७. दादा तेव्हा लीड्सहून आला, दहावं-बारावं केलं, आणि तेराव्याला मागच्या दाराशी उभा राहून त्याने सिगारेट पेटवली. मला त्याचा राग आला नाही, भीती वाटली. अण्णांची खोकण्याआधी मान खाली घालायची एक लकब होती. दादाने तशीच मान खाली घातली होती.

त्यानंतर त्याने सिगारेट सोडली, किती वेळा ते तोच जाणे. नवीन वर्षाला सोडली, मुलीच्या वाढदिवसाला सोडली, निकोटीनच्या पट्ट्या दंडावर चिकटवून सोडली. प्रत्येक वेळी दोन-तीन महिन्यांत परत. आपल्याकडे लोक सहज म्हणतात, 'मनावर घेतलं की सुटतं'. ज्याने स्वतःच्या बापाला श्वासासाठी तडफडताना पाहिलं, त्याने मनावर घेतलं नसेल असं कसं म्हणायचं?

सुटली ती तिथल्या सरकारी मदत केंद्रामुळे. सिगारेट सोडणाऱ्यांना मोफत सल्ला आणि साहित्य मिळतं, दर आठवड्याला बोलावतात. पहिल्या दिवशी तिथल्या बाईंनी त्याच्या हातात एक छोटं यंत्र दिलं. दीर्घ श्वास घ्यायचा, पंधरा सेकंद रोखायचा आणि त्या नळीत हळूहळू पूर्ण सोडायचा. छोट्या पडद्यावर आकडा आला, २७. श्वासातल्या कार्बन मोनॉक्साइड या विषारी वायूचं ते प्रमाण. न ओढणाऱ्याचा आकडा पाच-सहाच्या आतच असतो. "जिना चढून आल्यावर जे धपापायला होत होतं ना," दादा मला सांगत होता, "ते त्या दिवशी आकड्यात दिसलं." बाईंनी त्याला व्हेपचा संच आणि द्रवाच्या बाटल्या दिल्या. चार आठवड्यांनी परत नळीत फुंकर घातली तेव्हा आकडा होता ३. ते सांगताना त्याने तीन बोटं वर केली, शाळेत गुण सांगावेत तशी.

मी अकरावी-बारावीला जीवशास्त्र शिकवते. त्यामुळे हा आकडा २७ वरून ३ वर का आला, ते मला कळतं. कार्बन मोनॉक्साइड निकोटीनमधून येत नाही, जळण्यातून येतो. सिगारेटचं टोक झुरक्याला सुमारे ९०० अंशांपर्यंत तापतं, आणि त्या आगीतून सात हजारांवर रसायनं धुरात उतरतात. त्यांतली साठ-सत्तर कर्करोग करणारी. ई-सिगारेटमध्ये आगच नाही. बॅटरी एक बारीक तार तापवते, तारेभोवतीचा कापूस द्रवात भिजलेला असतो, त्याचे सूक्ष्म तुषार होतात आणि तेच आत ओढायचे. द्रवात प्रॉपिलीन ग्लायकॉल, ग्लिसरीन, निकोटीन आणि वासाचे अर्क. आपण वाफ म्हणतो खरी, पण पाण्याची साधी वाफ ती नव्हे. तार जास्त तापली, कापूस कोरडा पडला, तर त्यातूनही फॉर्मल्डिहाइडसारखी घातक द्रव्यं तयार होतात. दादा म्हणतो, कापूस जळल्याचा तो वास एकदा घशात गेला की दिवसभर जात नाही.

१९७६ साली मायकेल रसेल या ब्रिटिश मनोविकारतज्ज्ञाने लिहून ठेवलं होतं की, माणसं ओढतात निकोटीनसाठी, मरतात मात्र टारमुळे, म्हणजे धुरातल्या डांबरासारख्या चिकट द्रव्यामुळे. ई-सिगारेटमागचा विचार या एका वाक्यात आला. पण तशी वस्तू बाजारात यायला आणखी पंचवीस-तीस वर्षं गेली. ती घडवली होन लिक या चिनी औषधनिर्मात्याने, २००३ च्या सुमारास. तो स्वतः भरपूर ओढायचा, आणि त्याचे वडील फुप्फुसाच्या कर्करोगाने गेले. हे वाचलं तेव्हा मला आमचं मागचं दार आठवलं.

आता, ही वस्तू खरंच सिगारेट सोडवते का? दादाची सोडवली म्हणून माझा विश्वास बसला असता, पण एका भावावरून काही ठरत नाही. २०१९ मध्ये ब्रिटनमधला एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. सरकारी मदत केंद्रांत आलेल्या ८८६ माणसांचे चिठ्ठ्या टाकल्यासारखे दोन गट केले. एकाला ई-सिगारेट, दुसऱ्याला पट्ट्या, च्युइंगम वगैरे. शिवाय दोघांनाही समुपदेशन. वर्षानंतर पहिल्या गटातले १८ टक्के सिगारेटपासून दूर होते, दुसऱ्यातले ९.९ टक्के. जवळजवळ दुप्पट. नंतर कॉक्रेन या संस्थेने असे अनेक अभ्यास एकत्र तपासले आणि निष्कर्ष तोच निघाला: निकोटीनवाल्या ई-सिगारेटवर शंभरातले आठ ते दहा जण सुटतात, पट्ट्या-च्युइंगमवर सहा, आणि कशाच्याच आधाराशिवाय चार.

शंभरातले दहा. हा आकडा मी बराच वेळ बघत बसले होते. चारपेक्षा तो अडीच पट आहे हे खरं. पण नव्वद जण तिथेच राहतात, हेही तितकंच खरं. आणि ८८६ जणांच्या त्या अभ्यासात आणखी एक गोष्ट होती, जिच्याबद्दल कमी बोललं जातं. ई-सिगारेटवर ज्यांची सिगारेट सुटली, त्यांच्यातले ८० टक्के लोक वर्षानंतरही ई-सिगारेट ओढतच होते. पट्ट्या-च्युइंगमवाल्यांत हे प्रमाण होतं फक्त ९ टक्के. म्हणजे एक सुटली आणि दुसरी लागली. दादा त्या अठरांतला आणि त्या ऐंशींतलाही.

खरी मेख इथे आहे. वर्षभर ओढली तर काय, हे आता बऱ्यापैकी कळलंय. वीस वर्षं ओढली तर काय, हे कळायला वीस वर्षंच लागतात. तिथे घाई चालत नाही. रिचर्ड डॉल आणि ऑस्टिन ब्रॅडफर्ड हिल या ब्रिटिश संशोधकांनी सिगारेट आणि फुप्फुसाचा कर्करोग यांचा संबंध १९५० साली दाखवला, तोवर सिगारेट घराघरांत पोचून दोन पिढ्या झाल्या होत्या. डॉल स्वतः ओढायचे; हाती आलेली माहिती पाहून त्यांनी सोडली. मग १९५१ पासून त्यांनी ब्रिटनच्या ३४ हजारांवर पुरुष डॉक्टरांचा माग ठेवला तो थेट पन्नास वर्षं. २००४ साली शेवटचा हिशेब आला: आयुष्यभर ओढणारा सरासरी दहा वर्षं आधी जातो. साठीला सोडली तरी त्यातली तीन वर्षं परत मिळतात, पन्नाशीला सोडली तर सहा, चाळिशीला नऊ. दादाने सोडली तेव्हा तो बावन्न वर्षांचा होता. मी बोटांवर हिशेब केला. सहा नाही, तर साडेपाच तरी.

पण हा हिशेब काहीच न ओढणाऱ्यांचा. व्हेप ओढणाऱ्याचा असा पन्नास वर्षांचा हिशेब अजून कुणाकडेच नाही. इंग्लंडच्या सार्वजनिक आरोग्य विभागाने २०१५ मध्ये सांगितलं की, ई-सिगारेट सिगारेटपेक्षा सुमारे ९५ टक्के कमी घातक आहे. हा आकडा फार गाजला. दादाच्या केंद्रातल्या भिंतीवरही तो होता. त्यामागे मात्र मोजलेले रुग्ण नव्हते, तज्ज्ञांनी बसून बांधलेला अंदाज होता, आणि 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकाने तेव्हाच त्यावर कडक टीका केली होती. मला २०२२ च्या किंग्ज कॉलेज लंडनच्या अहवालातलं म्हणणं जास्त पटतं, कारण ते तोलून बोलतं: थोड्या आणि मध्यम काळात व्हेपचा धोका सिगारेटच्या तुलनेत छोटासा अंशच आहे, पण ती निर्धोक नाही, विशेषतः ज्याने कधी सिगारेट ओढलीच नाही त्याच्यासाठी. पुरती सिगारेट सोडून फक्त व्हेपवर आलेल्यांच्या लघवीत तंबाखूची कर्करोगकारी द्रव्यं खूपच कमी सापडतात. दोन्ही ओढणाऱ्यांत मात्र तसा फरक दिसत नाही.

हे शेवटचं वाक्य मी दादाला दोनदा वाचून दाखवलं. कारण बहुतेक जण इथेच फसतात. दिवसा व्हेप, रात्री जेवणानंतर एकच सिगारेट. वीसवरून एकवर आलो म्हणजे धोकाही विसावा भाग झाला, असं मनाशी धरून चालतात. हृदयाचं गणित तसं नाही. दिवसाला एक सिगारेट ओढणाऱ्याचा हृदयविकाराचा वाढीव धोका वीस ओढणाऱ्याच्या जवळपास निम्मा असतो, हे २०१८ मध्ये 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये आलंय. एकीसाठीही निम्मा.

दादाने ऐकून घेतलं. मग म्हणाला, "सुमे, तू मला विचारतेस ही सुरक्षित आहे का. मी तिथे विचारलं होतं, सिगारेटपेक्षा बरी आहे का. दोन्ही प्रश्न एकच नाहीत गं."

नाहीत. आणि दुसरा प्रश्न विचारायचा हक्क फक्त ओढणाऱ्याचा आहे, हेही मी त्याला सांगितलं. गेल्या वर्षी अकरावीच्या वर्गात एका मुलाच्या दप्तरात आम्हाला पेन ड्राइव्हसारखी एक जांभळी वस्तू सापडली होती. त्याने आयुष्यात कधी सिगारेटला हात लावला नव्हता. वासाला ती आंब्याच्या वडीसारखी होती. बंदी असतानाही ती आली कुठून, हे त्याने शेवटपर्यंत सांगितलं नाही. आतलं द्रव काय आणि त्यात निकोटीन किती, हे त्याला तरी कुठे ठाऊक होतं? वेष्टनावर धड मजकूरही नव्हता. तो रडत म्हणाला, "मॅडम, यात तंबाखू नाहीये." सोळा वर्षांच्या मेंदूला निकोटीन ही काय चीज आहे, ते मी त्याच वर्गात फळ्यावर आकृती काढून शिकवते. त्या मुलासाठी ती वस्तू बरी नाही, कमी वाईटही नाही. जिथे आधी काही नव्हतं तिथे लागलेलं ते नवं व्यसन आहे. अमेरिकेत २०१९ मध्ये शाळेतल्या वरच्या वर्गांतली २७.५ टक्के मुलं ई-सिगारेट ओढताना आढळली होती. आपल्याकडची बंदी त्याच वर्षीची, आणि तिचं मुख्य कारण मुलं हेच दिलं गेलं. शिक्षिका म्हणून मला ते कारण नाकारता येत नाही.

त्याच वर्षी अमेरिकेत व्हेपवाल्यांची फुप्फुसं अचानक निकामी होऊ लागली. २८०० हून जास्त रुग्णांची नोंद झाली, त्यांतले ६८ दगावले. शोध घेतल्यावर बोट गेलं ते मुख्यतः गांजाच्या अर्काच्या, चोरट्या बाजारातल्या कुप्यांत घातलेल्या व्हिटॅमिन ई अॅसिटेटकडे. ब्रिटनमध्ये निकोटीनच्या द्रवात जीवनसत्त्वं घालायला कायद्यानेच मनाई आहे, आणि मिलिलिटरला २० मिलिग्रॅमच्या वर निकोटीनही चालत नाही. वस्तू एकच, पण बाटलीत काय आहे ते कुणी तपासलं, यावर सगळं अवलंबून. त्या जांभळ्या वस्तूचं मला म्हणूनच जास्त भय वाटलं.

आणि तरीही टपरीकडे बघितलं की जीव तुटतो. २०१६-१७ च्या पाहणीत महाराष्ट्रातले २६.६ टक्के प्रौढ तंबाखू घेत होते. एकूण प्रौढांत ओढणारे फक्त ३.८ टक्के, तंबाखू-चुना, गुटखा, मिश्री घेणारे २४.४ टक्के, काही जण दोन्हींत. म्हणजे लंडनमध्ये रंगलेला हा सगळा वाद आपल्याकडच्या बहुतेकांच्या कामाचाच नाही. सकाळी उठल्या उठल्या मिश्री लावणाऱ्या आमच्या शेजारच्या काकूंना व्हेप देऊन काय उपयोग? त्यांच्यासाठी कुणी तरी दर आठवड्याला बोलावून विचारपूस करायला हवी, तीही फुकट, घराजवळ. पाकिटांवर छापलेला १८००-११-२३५६ हा मोफत नंबर आहे, तिथे माणसं खरंच बोलतात. पण काकूंची मिश्री सुटी येते, तिच्यावर नंबर कुठला छापलेला असणार? आणि ओढणाऱ्यांसाठी काय आहे, तर राज्यात २०२० पासून सुट्टी सिगारेट विकायला मनाई असूनही, टपरीवर सुट्टीच मिळते. लायटर दोरीला बांधलेला असतो.

पाच दिवसांचे गणपती गेले त्या रात्री दादा तिथे गेला. शाळेतले मित्र जमले होते, कुणीतरी त्याच्यासाठीही एक घेतली. त्याने पेटवली, दोन झुरके मारले आणि टाकून सरळ घरी आला. मी ओटा पुसत होते. स्वयंपाकघराच्या दारात उभा राहून म्हणाला, "मी ओढली." चोपन्न वर्षांचा माणूस. मला अण्णा दिसले, मागचं दार दिसलं, तोंडावर काय काय आलं, पण एकही शब्द बोलले नाही. खुर्ची ओढली आणि म्हटलं, "बस. चहा ठेवते."

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही दोघं औषधांच्या दुकानात गेलो आणि निकोटीनचे च्युइंगम आणले, दोन मिलिग्रॅमचे. दादाने पूर्वी ते साध्या च्युइंगमसारखे कचाकचा चावून पाहिले होते, त्याला उचकी लागायची, मग त्याने नाद सोडला. घरी येऊन मी माहितीपत्रक वाचलं. हळूहळू चावायचं, जीभ मिरमिरायला लागली की थांबायचं आणि गालात धरून ठेवायचं. मिरमिर ओसरली की परत दोन-तीन वेळा चावायचं, परत गालात. असं अर्धा तास. म्हणजे निकोटीन गालाच्या आतल्या त्वचेतून रक्तात जातं, पोटात नाही. आणि त्याआधी पाव तास चहा-कॉफी घ्यायची नाही, नाहीतर ते शोषलंच जात नाही.

चहाची अट दादाला सगळ्यात जड गेली. सकाळी उठलं की चहा, चहानंतर सिगारेट, ही सव्वीस वर्षांची सांगड. आम्ही क्रम बदलला. आधी गालात गोळी, अंगणात फेऱ्या, मग तासाभराने चहा. पहिले दोन दिवस तो चिडचिडा होता, माझ्या धाकट्यावर विनाकारण खेकसला आणि नंतर त्याला कडेगावला आत्याकडे घेऊन गेला, समजूत काढायला. तिसऱ्या दिवशी मी पाहिलं, फेऱ्या मारताना त्याचा हात खिशाकडे गेला, खिशातून च्युइंगमची पट्टी काढली, एक गोळी सुटी केली आणि परत चालू लागला. खिसा रिकामा नव्हता. तीन आठवड्यांत त्या दोन झुरक्यांवर तिसरा चढला नाही.

परवा फोनवर म्हणाला, द्रव आता वीसवरून सहा मिलिग्रॅमवर आणलंय. मी लगेच विचारलं, "मग शून्यावर कधी?" तर म्हणाला, केंद्रातल्या बाईंनी घाई करू नको म्हणून सांगितलंय, सिगारेटकडे परत जायची भीती पूर्ण गेली की मगच हीदेखील सोड. माझ्या मनातला प्रश्न तरीही तसाच आहे. दहा वर्षांनी त्याच्या फुप्फुसांच्या फोटोत काय दिसेल, ते ना त्या बाईंना सांगता येईल, ना मला. अण्णांच्या फोटोत काय होतं, ते मात्र मी पाहिलंय.

उरलेली सात च्युइंगम बडीशेपेच्या डब्याशेजारी ठेवली आहेत. मे महिन्यात दादा येणार आहे. पट्टीवरची मुदत पाहिली, पुढच्या ऑगस्टपर्यंतची आहे.